विश्लेषण : अँटेनाचे गणित अडते, तेव्हा दोनशे वर्षांपूर्वीचे गाऊस मदतीला कसे येतात?

फोनचा अँटेना, विमानावरचे रडार किंवा एमआरआय यंत्रातले तारेचे वेटोळे प्रत्यक्ष बनवण्याआधी त्याच्याभोवतीचे विद्युतचुंबकीय क्षेत्र संगणकावर काढून पाहिले जाते. त्यासाठी लाखो, कधी कोट्यवधी समीकरणे एकदम सोडवावी लागतात. ती कोणत्या रीतीने सोडवायची, यावर उत्तर तासाभरात येणार की यंत्र आठवडाभर नुसते तापत राहणार, हे ठरते. गंमत अशी की यातल्या दोन्ही मुख्य रीतींवर एकाच माणसाचे नाव आहे आणि त्या माणसाकडे संगणक नव्हता. कार्ल फ्रीडरिक गाऊस यांच्याकडे होती ती टाक, शाई आणि भरपूर चिकाटी.

अडचण नेमकी कुठे येते?

विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचे वर्तन मॅक्सवेलच्या चार समीकरणांत बसते. त्यातले एक बारावीच्या भौतिकशास्त्रातून अनेकांच्या ओळखीचे आहे, ते म्हणजे गाऊस (पाठ्यपुस्तकांत गॉस) यांचा नियम. पण खऱ्याखुऱ्या फोनच्या आकारासाठी ही समीकरणे कागदावर सुटत नाहीत. म्हणून फोन आणि भोवतालची जागा छोट्या छोट्या तुकड्यांत वाटतात आणि प्रत्येक तुकड्यातले क्षेत्र ही एक अज्ञात राशी धरतात. लहरीच्या एका लांबीत साधारण दहा तरी तुकडे हवेत, असा ठोकताळा आहे. वारंवारता दुप्पट झाली की लहर निम्मी होते, म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दिशांनी तुकडे दुप्पट. अज्ञात राशी थेट आठपट. ४जीकडून ५जीच्या उंच वारंवारतांकडे जाताना अभियंत्यांच्या संगणकांची दमछाक झाली, त्याचे हे साधे कारण.

ही समीकरणे सोडवणाऱ्या प्रोग्रामला सॉल्व्हर म्हणतात. ढोबळमानाने त्याचे दोन प्रकार : थेट उत्तर काढणारा (डायरेक्ट) आणि अंदाज धरून तो सुधारत नेणारा (इटरेटिव्ह). निवड यांच्यातच करायची असते.

गवंड्याच्या घरातला मुलगा

गाऊस यांचा जन्म ३० एप्रिल १७७७ रोजी जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे झाला. वडील गवंडीकाम, बागकाम असे मिळेल ते काम करत. आई डोरोथेया जेमतेम वाचू शके. शाळेत गुरुजींनी घातलेली लांबलचक बेरीज या पोराने क्षणात केली, ही गोष्ट मराठी पुस्तकांतही येते. १ ते १०० हे आकडे मात्र पुढच्या सांगणाऱ्यांनी त्यात भरले असावेत. गाऊस यांच्या मृत्यूनंतर लगेच निघालेल्या चरित्रात बेरीज आहे, पण हे आकडे नाहीत.

मुलाची हुशारी ब्राउनश्वाइगच्या ड्यूकच्या कानावर गेली आणि त्याने शिक्षणाचा खर्च उचलला. १७९५ मध्ये गाऊस ग्योटिंगेन विद्यापीठात दाखल झाले. पुढच्याच वर्षी, १९ वर्षे पूर्ण होण्याआधी, केवळ पट्टी आणि कंपास वापरून १७ बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो हे त्यांनी सिद्ध केले. ग्रीकांपासून दोन हजार वर्षे या प्रश्नात कोणी पुढे सरकले नव्हते. १८०१ मध्ये संख्यांच्या सिद्धांतावरचा त्यांचा लॅटिन ग्रंथ निघाला आणि गणितज्ञांत त्यांचे नाव पक्के झाले.

सामान्य लोकांत नाव झाले ते मात्र हरवलेल्या एका ग्रहामुळे.

४१ दिवसांचे वेध आणि हरवलेला सेरेस

१ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतील पालेर्मो येथे जुझेप्पे पियात्सी यांना आकाशात एक नवा ठिपका दिसला. ११ फेब्रुवारीपर्यंत त्यांनी वेध घेतले. नंतर तो सूर्याच्या तेजात दडला. तो पुन्हा कुठे उगवेल हे सांगायला हाताशी होता तो कक्षेचा अगदी छोटा तुकडा. गाऊस यांनी त्यावरून कक्षा काढली. डिसेंबर १८०१ मध्ये फॉन त्साख यांना आणि पाठोपाठ ओल्बर्स यांना सेरेस त्यांनी सांगितलेल्या जागेजवळच सापडला.

वेध म्हटले की चुका आल्याच. प्रत्येक वेध थोडा थोडा चुकतो, मग कोणता खरा धरायचा? सगळ्या चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल असे उत्तर निवडायचे, ही लघुतम वर्गांची रीत. ती आधी छापली फ्रान्सच्या लजांद्र यांनी, १८०५ मध्ये. गाऊस यांनी १८०९ मध्ये ती मांडताना आपण ती १७९५ पासून वापरत असल्याचे लिहिले. लजांद्र चिडले, आणि त्यांचे चिडणे चूक नव्हते. पक्के होईपर्यंत काही छापायचे नाही, हा गाऊस यांचा हट्ट होता. या हट्टापायी अनेकांना आपण शोधलेले आधीच कोणाच्या तरी कपाटात पडून आहे, हे फार उशिरा कळले.

आपल्या विषयाला महत्त्वाचे ते पुढे. लघुतम वर्गांची रीत वापरली की शेवटी हातात येतात एकसामयिक समीकरणे. पॅलस या लघुग्रहासाठी गाऊस यांना सहा अज्ञात राशी असलेली समीकरणे सोडवायची होती. १८१० च्या निबंधात त्यांनी त्याची पद्धतशीर मांडणी दिली.

वडापाव, चहा आणि गाऊसचा लोप

मांडणी समजायला टपरीवरचे बिल पुरे. दोन वडापाव आणि एक चहा ५० रुपये; एक वडापाव आणि एक चहा ३० रुपये. पहिल्यातून दुसरे वजा करा. चहा गेला, वडापाव २० रुपये. मग चहा १० रुपये. एकेक अज्ञात राशी अशी घालवत न्यायची आणि शेवटी उलटे येत सगळ्यांची किंमत काढायची. याला गाऊसचा लोप म्हणतात. नाव तसे अन्यायाचे आहे, कारण प्राचीन चिनी गणितग्रंथात ही रीत आहे आणि न्यूटनच्या टिपणांतही आहे. गाऊस यांनी तिला हिशेबनीसाला डोळे मिटून वापरता येईल असे टापटीप रूप दिले, आणि विसाव्या शतकात नाव त्यांचे चिकटले.

या रीतीचा मोठा गुण म्हणजे खात्री. किती पायऱ्या लागतील हे आधीच ठाऊक असते आणि त्या संपल्या की उत्तर हातात असते. दोष म्हणजे मेहनत. राशी दुप्पट झाल्या की काम आठपट होते, दसपट झाल्या की हजारपट. सहा राशींना संध्याकाळ पुरते. दहा लाख राशींचा पूर्ण भरलेला तक्ता नुसता साठवायलाच, प्रत्येक घरात एक संमिश्र संख्या धरली तर, १६ टेराबाइट स्मृती लागते. गणित अजून सुरूही झालेले नाही!

सुदैवाने क्षेत्राच्या गणितात बहुतेक घरे रिकामी असतात, कारण प्रत्येक तुकड्याचा संबंध फक्त शेजाऱ्यांशी येतो. आजचे डायरेक्ट सॉल्व्हर या रिकाम्या घरांचा फायदा घेतात. पण लोप करत जाताना रिकामी घरे भरू लागतात आणि स्मृती तिथे खर्ची पडते. राशी कोणत्या क्रमाने घालवायच्या, हे चतुराईने ठरवले तर भरणारी घरे खूप कमी होतात. हा क्रम ठरवणे हे आज एक स्वतंत्र शास्त्र आहे.

मृत्यू, स्थलांतर आणि मोजणीची वणवण

या गणितांच्या मागे असलेले आयुष्य सुखाचे नव्हते. १८०५ मध्ये गाऊस यांचे योहाना ओस्टहोफ यांच्याशी लग्न झाले. १८०६ मध्ये आश्रयदाता ड्यूक नेपोलियनविरुद्धच्या लढाईत जखमी होऊन गेला. १८०७ मध्ये गाऊस ग्योटिंगेनच्या वेधशाळेचे संचालक झाले. ऑक्टोबर १८०९ मध्ये तिसऱ्या बाळंतपणानंतर योहाना वारल्या आणि काही महिन्यांत ते बाळही गेले. १८१० मध्ये त्यांनी योहानांची मैत्रीण मिना वाल्डेक यांच्याशी लग्न केले. आणखी तीन मुले झाली, पण मिना पुढे सतत आजारी राहिल्या आणि १८३१ मध्ये त्याही गेल्या. ऑयगेन आणि विल्हेल्म ही त्यांची दोन मुले अमेरिकेत निघून गेली. ऑयगेनचे जाणे तर बापाशी भांडूनच. म्हातारी आई मात्र शेवटची बावीस वर्षे वेधशाळेत मुलाजवळ राहिली आणि १८३९ मध्ये गेली.

याच काळात हॅनोवर राज्याची भूमापन मोजणी गाऊस यांच्याकडे आली. १८२१ ते १८२५ या काळात ते स्वतः डोंगर-टेकड्यांवर हिंडले. दूरच्या शिखरावरचे ठिकाण नेमके दिसावे म्हणून त्यांनी आरशाने सूर्यकिरण फेकणारे हेलिओट्रोप हे यंत्र बनवले. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात हीच यंत्रे वापरली. असा गणितज्ञ उन्हातान्हात मोजणी करत बसला याची समकालीनांना हळहळ वाटे. ती पूर्ण खरी मानण्याचे कारण नाही. वक्र पृष्ठभागांवरचे त्यांचे मोठे काम याच वणवणीच्या काळातले.

मोजणीतून आले आकड्यांचे ढीग, आणि त्या ढिगांतून दुसरी रीत.

नाताळच्या दुसऱ्या दिवसाचे पत्र

२६ डिसेंबर १८२३ रोजी गाऊस यांनी आपला जुना विद्यार्थी क्रिस्टियान लुडविग गेर्लिंग याला एक पत्र लिहिले. गेर्लिंग मारबुर्गला प्राध्यापक होता आणि तोही मोजणीच्या आकड्यांत बुडालेला होता. चार ठिकाणांच्या दिशांचे उदाहरण घेऊन गाऊस यांनी त्याला एक आडवळणाची रीत शिकवली. सगळ्या राशींचा काहीतरी अंदाज धरा. कोणत्या समीकरणात सर्वांत जास्त फरक उरतो ते पाहा, त्या राशीत तेवढीच दुरुस्ती करा, मग पुढची. फरक नगण्य होईपर्यंत हेच. यात इतके कमी लक्ष लागते की माणूस पेंगत असताना किंवा दुसऱ्याच विचारात असतानाही हे काम होते, असे त्यांनी गेर्लिंगला कळवले आणि दोनपेक्षा जास्त राशी असतील तर थेट लोपाच्या वाटेला पुन्हा जाऊच नये, असा आग्रहही धरला. लोपाच्या रीतीला ज्यांचे नाव लागले, त्यांचा हा सल्ला आहे.

पुन्हा टपरीवर जाऊ. चहा १५ रुपये असेल असे धरा. पहिल्या बिलावरून वडापाव साडेसतरा. ते दुसऱ्या बिलात घाला, चहा साडेबारा. पुन्हा पहिले बिल : वडापाव १८.७५, मग चहा ११.२५. पुढच्या फेरीत १९.३७५ आणि १०.६२५. दर फेरीला चूक निम्मी होते. नऊ-दहा फेऱ्यांत पैशाची चूकही उरत नाही.

आता तीच बिले उलट्या क्रमाने वापरा. चहा १५, तर दुसऱ्या बिलावरून वडापाव १५. पहिल्या बिलावरून चहा २०. मग वडापाव १०, चहा ३०. मग वडापाव फुकट आणि चहा ५० रुपये! पुढच्या फेरीत वडापाव घेतल्याबद्दल टपरीवालाच आपल्याला २० रुपये देऊ लागतो. समीकरणे तीच, अंदाज तोच, नुसता क्रम बदलला आणि उत्तर जवळ येण्याऐवजी पळत सुटले.

इटरेटिव्ह सॉल्व्हरचे सगळे सुखदुःख या दोन उदाहरणांत आहे. स्मृती फार लागत नाही, तक्ता भरत जात नाही आणि हवी तेवढीच अचूकता मिळाली की थांबता येते. पण उत्तराकडे सरकेलच, अशी हमी नसते.

मग गाऊस इतके निर्धास्त कसे? कारण लघुतम वर्गांतून येणारी समीकरणे एका खास घडणीची असतात. तिथे प्रत्येक दुरुस्तीने एकूण चूक कमीच होते. जणू वाटीच्या उतारावर सोडलेली गोटी. कुठूनही सोडा, तळाशीच जाते. स्थिर विद्युतक्षेत्राची गणितेही अशीच वाटीसारखी असतात. पण उंच वारंवारतेच्या लहरींचे गणित घोड्याच्या खोगिरासारखे असते, एका दिशेने खोलगट तर दुसऱ्या दिशेने घसरते. साधी गाऊसची रीत तिथे फसते. नवशिका अभियंता संध्याकाळी गणित लावून घरी जातो आणि सकाळी येऊन पाहतो तर चूक तिथल्या तिथे घुटमळते आहे, हा अनुभव या क्षेत्रात जुना आहे.

या रीतीला आज गाऊस-सायडेल म्हणतात. फिलिप लुडविग फॉन सायडेल यांनी ती १८७४ मध्ये प्रसिद्ध केली. आज ती वापरतात तशी, राशी ओळीने घेत, गाऊस यांना ठाऊक नव्हती आणि सायडेल यांना पसंत नव्हती, असा एक विनोद गणितज्ञांत प्रचलित आहे. तो बराचसा खरा आहे.

कपाटात राहिलेली तिसरी रीत

१८०५ च्या सुमारास पॅलसच्या कक्षेवरच काम करताना गाऊस यांनी आणखी एक युक्ती लिहून ठेवली. बारा वेधांमधून लहरींचे घटक काढायचे होते. त्यांनी बाराचे छोटे गट पाडले, गटांची गणिते वेगवेगळी केली आणि उत्तरे जोडली. गुणाकार कितीतरी वाचले. टिपण लॅटिनमध्ये होते आणि छापले गेले मृत्यूनंतर, १८६६ मध्ये. १९६५ मध्ये कूली आणि ट्यूकी यांनी हीच युक्ती संगणकासाठी नव्याने शोधली. तिलाच आज फास्ट फूरिये ट्रान्सफॉर्म म्हणतात आणि फोनवरच्या गाण्यांपासून चित्रांपर्यंत सगळीकडे ती असते. तिचे मूळ गाऊस यांच्या टिपणात असल्याचे आणखी काही वर्षांनी ध्यानात आले. मोठ्या अँटेनांच्या पृष्ठभागाची गणिते करणारे काही सॉल्व्हर आज हिच्याच जोरावर धावतात. त्या गणितात प्रत्येक तुकड्याचा प्रत्येकाशी संबंध येतो आणि तक्ता पूर्ण भरलेला असतो. या युक्तीमुळे तो तक्ता अख्खा साठवावाच लागत नाही.

वेबर, चुंबक आणि मौन

१८३१ मध्ये तरुण भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म वेबर ग्योटिंगेनला आले आणि पन्नाशी ओलांडलेल्या गाऊस यांना नवा हुरूप आला. पृथ्वीच्या चुंबकत्वाची ताकद लांबी, वस्तुमान आणि वेळ या एककांत कशी मोजायची हे गाऊस यांनी दाखवले. १८३३ मध्ये दोघांनी वेधशाळा आणि भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा यांच्यात छपरांवरून तार टाकून विजेने संदेश पाठवले. त्याच वर्षी लोखंड न वापरता चुंबकीय वेधशाळा बांधली. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी जगभर एकाच वेळी वेध घ्यायचे, असा संघही त्यांनी उभारला. ब्रिटिशांच्या वसाहतींतही ही लाट पोहोचली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ मध्ये चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. केरूनाना छत्रे यांनी तरुणपणी याच वेधशाळेत काम केले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवले गेले आणि तिथे ते आजही चालते.

१८३९ मध्ये गाऊस यांनी पृथ्वीच्या चुंबकत्वाचा सिद्धांत प्रसिद्ध केला. सगळे क्षेत्र त्यांनी २४ आकड्यांत बसवले. फोनमधले होकायंत्र खरी उत्तर दाखवण्यासाठी ज्या जागतिक नमुन्याचा आधार घेते, त्यात असे १६८ आकडे आहेत आणि त्यांना गाऊस गुणांक असेच म्हणतात.

यातच एक डाग आहे. १८३७ मध्ये हॅनोवरच्या नव्या राजाने राज्यघटना मोडीत काढली. सात प्राध्यापकांनी निषेध केला आणि सातही बडतर्फ झाले. त्यांत वेबर होते आणि गाऊस यांचे जावई एवाल्ड हेही होते. गाऊस जाहीरपणे काहीच बोलले नाहीत. वय झाले होते, नव्वदी ओलांडलेली आई घरात होती, राजकारणाचा तिटकारा होता. कारणे देता येतात. पण जोडीदार गेला आणि चुंबकत्वावरचे काम काही वर्षांत थंडावले, हेही खरे.

मग सॉल्व्हर निवडायचा कसा?

अभियंते आज साधारण असा विचार करतात. गणित स्मृतीत मावत असेल आणि एकाच रचनेवर अनेक दिशांनी येणाऱ्या लहरी तपासायच्या असतील, तर डायरेक्ट. लोप एकदाच करायचा, मग प्रत्येक नव्या लहरीचे उत्तर जवळपास फुकट. विमानावरून परतणाऱ्या रडारलहरींचे शेकडो कोन तपासताना हाच हिशेब चालतो. गणित मावत नसेल तर इटरेटिव्हला पर्याय नाही. पण मग समीकरणांना आधी वळण लावावे लागते. याला प्रीकंडिशनर म्हणतात. टपरीच्या उदाहरणात बिलांचा क्रम बदलून चहा-वडापाव मार्गाला लागले, त्याचेच हे मोठे रूप. चांगला प्रीकंडिशनर मिळाला तर हजारो फेऱ्यांचे काम काही डझनांत होते. वाईट मिळाला तर सुटायचे गणितही अडते. मुख्य सॉल्व्हर म्हणून निवृत्त झालेली गाऊस-सायडेल रीत इथे मदतनीस म्हणून अजून नोकरीत आहे : काही फेऱ्यांत खडबडीत चुका गुळगुळीत करायच्या आणि पुढचे काम दुसऱ्यावर सोपवायचे.

तिसरा मार्ग म्हणजे एकसामयिक समीकरणे टाळणेच. केन यी यांच्या १९६६ च्या रीतीत क्षेत्र वेळेच्या बारीक पावलांनी पुढे सरकवतात आणि काहीच सोडवावे लागत नाही. पण सर्वांत लहान तुकडा जितका बारीक, तितके पाऊल आखूड. फोनमधली एक पातळ फट सगळ्या गणिताची गती ठरवते.

शेवटची गोष्ट

२३ फेब्रुवारी १८५५ रोजी गाऊस ग्योटिंगेनमध्ये, झोपेतच वारले. अलौकिक बुद्धीचे रहस्य सापडेल म्हणून त्यांचा मेंदू जपून ठेवण्यात आला. दीडशेहून अधिक वर्षे लोक तो पाहत आणि अभ्यासत आले. २०१३ मध्ये ग्योटिंगेनमधल्याच संशोधकांनी एमआरआयच्या प्रतिमा जुन्या चित्रांशी ताडून पाहिल्या, तेव्हा कळले की बरण्यांची अदलाबदल फार पूर्वीच झाली होती. गाऊस यांच्या नावाच्या बरणीत मेंदू होता त्याच गावातले डॉक्टर कॉनराड फुक्स यांचा.